नर्सरीतल्या मावशीचा खोकला

“मावशी, रविवारचं बारसं पुढं ढकललंय बरं का. उगाच निघाल घरातून, म्हणून आधीच फोन केला,” अक्षया म्हणाली, आणि मनोरमाच्या हातातली सोनचाफ्याची पुडी अर्धवट बांधलेलीच राहिली.

“का गं बाय? काय झालं?”

“बाळाला बरंच नाही हो. संध्याकाळ झाली की अंग तापतं. वजन काही केल्या वाढत नाही. आणि खोकतो, मावशी. एवढासा जीव, पण म्हाताऱ्या माणसासारखा खोकतो.”

“केयूर सरांना दाखवलंस?”

“दोनदा नेलं. म्हणाले, वेळेआधी झालेलं मूल आहे, धीर धरा. माझं दूध कमी पडतंय म्हणून वरचं दूध चालू करायला सांगितलं. खोकल्याचं सिरप दिलं.”

“आणि?”

“आणि काय? संपलं. तुमचा आवाज असा का येतोय? बरं नाही का तुम्हालाही?”

मनोरमाने काहीतरी हं-हूं केलं आणि फोन ठेवला. वसईच्या पश्चिमेला, बावखलाच्या तळ्याकाठी तिच्या घरची वाडी. चार केळी, थोडी पानवेल, बाकी सगळा चाफा. शेजारी तिचा नवरा प्रल्हाद फुलं निवडत बसला होता. तोंडावर मास्क लावून बसलेल्या बायकोचे डोळे बघूनच त्याला कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

“त्यांना सांगितलेलंच नाही,” ती म्हणाली. “कोणालाच सांगितलेलं नाही त्या माणसाने.”

मनोरमा ही केयूर सरांच्या हॉस्पिटलातल्या नर्सरीतली मावशी. तिला आडनाव आहे हे हॉस्पिटलात बहुधा कुणाला ठाऊकही नव्हतं. डॉक्टरीणबाईंपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मावशी. लंगोट बदलायचे, दुपटी बदलायची, बाटल्या उकळायच्या, बाळांना पुसून काढायचं, आणि सिस्टरचे हात अडकले की रडणाऱ्याला उचलायचं, हे तिचं काम. पुन्हा तिथे एक रीतच पडून गेली होती. बाळाला पहिली आंघोळ घालणारीचा हात त्या बाळाच्या अंगाला लागतो, म्हणजे तिच्यासारखा स्वभाव होतो, असं बायका म्हणत. मनोरमाचा हात लागलेली पोरं शांत निघतात अशी तिची ख्याती. त्यामुळे बारशाचं आमंत्रण तिला हटकून यायचं, आणि बाळाला पाळण्यात पहिल्यांदा घालायचा मान तिचा असायचा. बोळिंजपासून कळंबपर्यंत किती पाळणे तिने असे हलवले असतील, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अक्षयाच्या मुलाची गोष्ट जरा वेगळी होती. तो वेळेच्या बराच आधी आला. बाळंत होता होता अक्षयाला झटके आले आणि तिला रातोरात मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. तिचा नवरा सिद्धेश बायकोपाशी, आणि पोर इथे काचेच्या पेटीत. पेटीतून बाहेर काढल्यावर अशा बाळाला माणसाच्या उघड्या छातीची ऊब द्यायची असते. केयूर सर राऊंडला आले तेव्हा म्हणाले, “आई नाही तर मावशी. काय मावशी, घ्याल ना?” मनोरमाने घेतलं. रोज दुपारभर ती त्या पोराला छातीवर घेऊन, वरून शाल पांघरून बसायची. त्याचं डोकं तिच्या गळ्याशी आणि त्याचा श्वास तिच्या श्वासात. सरांना ते दृश्य इतकं आवडलं की त्यांनी हॉस्पिटलच्या जाहिरातीसाठी फोटोवाला बोलावला. “मावशी, मास्क काढा, चेहरा दिसू दे. माणुसकी दिसली पाहिजे,” हे शब्द सरांचे.

मास्क काढला आणि तिला खोकला आला. फोटोवाला म्हणाला, “हलू नका.”

खोकला तेव्हाच महिनाभराचा झाला होता. तिने तो लपवला नव्हता. लपवणार कशी? बंद खोलीत, एसीच्या गारव्यात, झोपलेली पोरं दचकतील म्हणून तोंडात पदर कोंबून खोकणाऱ्या बाईला सगळी नर्सरी ऐकत होती. तिने सरांनाही सांगितलं होतं. सर म्हणाले, “एसीचा असेल. सिस्टर, मावशीला एक सिरपची बाटली द्या.” एस्थर सिस्टरने दिली. ती संपल्यावर दुसरी दिली. वरच्याच मजल्यावर एक्स-रेचं मशीन होतं. दहा पायऱ्या चढून जाऊन या बाईची छाती एकदा बघावी असं त्या इमारतीत एकाही शहाण्याला सुचलं नाही. मावशीचा खोकला तो, त्यात बघण्यासारखं काय?

शेवटी एके सकाळी वाडीत थुंकीतून रक्त पडलं, आणि प्रल्हादने तिला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. ती रिपोर्ट घेऊन तशीच सरांकडे गेली. सर खुर्चीसकट मागे सरकले. मग सावरून म्हणाले, “उद्यापासून येऊ नका. बाळांच्या घरच्यांना आम्ही कळवतो. तुम्ही कोणाशी काही बोलू नका. अर्धवट ऐकलं की लोक घाबरतात.”

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? माणूस डॉक्टर, आणि बोलला तेही ‘आम्ही कळवतो’ असं भारदस्तपणे.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या ताई घरी आल्या. घरातल्या एकेकाची तपासणी झाली. पूर्वी नावाची नात तीन वर्षांची. तिचा एक्स-रे काढला, छाती ऐकली, काही निघालं नाही, तरीही तिला गोळ्या चालू केल्या.

“पोरीला ना खोकला ना ताप, मग गोळ्या कशाला?” प्रल्हादने विचारलं होतं.

“आजोबा, लहान मुलाला लागला तर फार लवकर वाढतो हा आजार. म्हणून आधीच द्यायच्या. घरात पेशंट आहे ना!”

मनोरमा तेव्हा रडली होती, पण तिला एक समाधानही होतं. आपल्या नर्सरीतल्या पोरांनाही आता अशाच गोळ्या चालू झाल्या असतील, असं ती रोज मनाशी म्हणायची. पूर्वीला पाण्यात गोळी विरघळवून देताना तिच्या डोळ्यांसमोर ती सगळी पोरं असायची. आता तिचंही औषध चालू होऊन दीड महिना झाला होता, थुंकी साफ आली होती, आणि रविवारी मास्क लावून बारशाला जायला हरकत नाही असं खुद्द ताईंनीच सांगितलं होतं.

आणि तो माणूस दोनदा त्या बाळाला हातात घेऊन बसला. दोनदा! छातीवर नळी लावली, ‘धीर धरा’ म्हणाला, आईच्या दुधाला नावं ठेवली आणि खोकल्याचं सिरप लिहून दिलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी जाऊन येते,” ती उठली.

“त्याच्याकडे? आता त्याला काय विचारायचं राहिलंय?” प्रल्हाद म्हणाला. “सरळ त्या पोरीला फोन कर.”

“फोनवर सांगू? तिच्या पोराला मी काय दिलंय ते फोनवर सांगू? तिच्याकडे जाणारच आहे मी. पण वाटेत त्याच्या तोंडून एकदा ऐकू दे मला.”

केबिनमध्ये सर होते, आणि फाईल घेऊन आलेली एस्थर होती. मनोरमा दारातच उभी राहिली.

“मावशी! अहो, तुम्ही इथे कशाला? पेशंट बसलेत बाहेर.”

“अक्षयाच्या बाळाला काय झालंय, सर?”

“प्रीमॅच्युअर बाळ आहे. वाढ सावकाश होते.”

“त्याला माझा आजार लागलाय.”

“हे तुम्ही ठरवणार?”

“मी नाही ठरवत. पण तुम्ही तपासलंत का? त्या पोरीला सांगितलंत का, की जिच्या छातीवर तुझं मूल होतं तिला टीबी आहे?”

“मावशी, बसा. बसा आधी. सगळ्या बाळांना बीसीजीची लस दिलेली असते. तुम्ही समजता तसं नसतं ते.”

“माझ्या नातीलाही दिली होती ती लस. तरी सरकारी दवाखान्याने तिला गोळ्या चालू केल्या, नुसती माझ्या घरात राहते म्हणून. आणि ही पोरं माझ्या मांडीवर होती, सर. माझ्या नातीचा जीव तो जीव, आणि ह्यांचा काय? ह्यांना का नाही गोळ्या?”

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग आवाज खाली आणून बोलले. “हे बाहेर गेलं तर हॉस्पिटल बंद पडेल. तीस लोकांची कामं जातील. एस्थर सिस्टरचंही जाईल. आणि पहिलं नाव कोणाचं निघेल? तुमचं. लोक तुमच्या वाडीवर येतील. मी काय सांगणार मग? मावशींनी खोकला लपवला, एवढंच सांगू शकतो मी.”

“लपवला?” मनोरमा म्हणाली. “मी सांगितलं नव्हतं तुम्हाला? ह्या एस्थरने बाटली नाही दिली मला, तुमच्याच सांगण्यावरून? बोल ना गं.”

एस्थरने मान खाली घातली आणि फाईलची दोरी बांधत राहिली.

मनोरमा बाहेर पडली. जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. एस्थर होती, रडवेली.

“मावशी, मला माफ कर. तिथं माझी जीभच उचलली नाही. देवबापा, मी रोज त्या नर्सरीत जाते आणि रोज वाटतं, आज सांगेन. धीरच होत नाही.”

“तुझा धीर होईल तेव्हा होऊ दे,” मनोरमा म्हणाली. “त्या पोराला तेवढा वेळ नाही.”

बोळिंजच्या त्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्याच. वॉचमनने दोनदा नाव विचारलं. दार अक्षयाच्या सासूबाईंनी उघडलं आणि मावशीला बघून त्यांचा चेहरा फुलला. “अगं बाई, तुम्ही! या, आत या. बारसं नसलं म्हणून काय झालं, चहा तर घ्याल!”

“नको. मी इथंच बरी. अक्षयाला बोलवा. सिद्धेश आहेत का घरी? त्यांनाही बोलवा.”

दोघं आली. बाळ अक्षयाच्या खांद्यावर होतं. मनोरमाने त्याला बघितलं. नर्सरीतून घरी जाताना जेवढं होतं तेवढंच, उलट गालही बसलेले. आंघोळ घालताना ज्याच्या मांड्यांना वळ्या पडाव्यात म्हणून ती जिवाचं रान करायची, त्याच्या पायांना आता नुसती कातडी लोंबत होती.

वाटेत तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

“मला टीबी झालाय,” ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. “बाळ माझ्याजवळ होतं तेव्हापासूनचा आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं. केयूर सरांना कळल्याला दीड महिना झाला. तुम्हाला कळवतो म्हणाले होते. कळवलं नाही, हे मला आज तुझ्या फोनवरून समजलं.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “कुठल्या जन्माचं वैर काढलंस गं बये! आम्ही तुला मानाने बोलावत होतो!”

सिद्धेश पुढे आला. तो तिला धक्का मारणार असंच तिला वाटलं, आणि मारला असता तरी ती हलली नसती. पण त्याने दाराच्या चौकटीवर मूठ आपटली. “दीड महिना? दीड महिना माहीत होतं त्याला? मागच्याच सोमवारी मी त्याला विचारलं, सर, आणखी काही तपासायला हवं का? नको म्हणाला! हसून नको म्हणाला! आणि तुम्ही... तुम्हाला खोकला होता तर माझ्या मुलाला हात कशाला लावला?”

याला तिच्यापाशी उत्तर होतं. ‘मला सांगितलं म्हणून लावला. खोकला आहे हे मी सांगितलं तरी लावायला सांगितलं म्हणून लावला.’ ते तिच्या ओठांवर आलं आणि तिने गिळलं. दारात उभं राहून आपली बाजू मांडत बसायची ही वेळ नव्हती.

अक्षयाने बाळाचं कुंचडं नीट केलं आणि विचारलं, “कुठे न्यायचं याला?”

“सरकारी दवाखान्यात. तिथल्या ताई आहेत, मी त्यांना फोन केलाय. थांबल्यात त्या.”

“आत्ता?”

“आत्ता, बाय. अशीच चल.”

घरची तिघं बाळाला घेऊन एका रिक्षात बसली. मनोरमाला बस म्हणायला कोणी धजावलं नाही, आणि तिनेही पाय पुढे टाकला नाही. ती मागून दुसऱ्या रिक्षाने गेली.

बाळाच्या नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं, तपासलं, आणि टीबीच निघाला. तिथून त्याला मुंबईला पाठवलं. तिथे कळलं की आजार छातीतच राहिलेला नाही, डोक्यापर्यंत गेला आहे. औषधं चालू झाली. ताप उतरला, बाळ दूध ओढायला लागलं. पण त्याचा डावा हात उचलत नव्हता, आणि तो उचलेल की नाही हे तिथले डॉक्टर सांगत नव्हते. एवढंच म्हणाले की, महिनाभर आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. सिद्धेश ते वाक्य भेटेल त्याला सांगत सुटला. सांगेल नाहीतर काय करेल? महिनाभर आधी त्याचं मूल केयूर सरांच्याच टेबलावर होतं.

मग सगळं बाहेर आलं. हॉस्पिटलने निवेदन काढलं: एका महिला कर्मचाऱ्याने आपला आजार लपवला, तिला कामावरून कमी केलं आहे, चौकशीला आम्ही संपूर्ण सहकार्य करू. निवेदनात एक्स-रेच्या मशीनचा उल्लेख नव्हता. सिरपच्या बाटल्यांचा नव्हता. दीड महिन्याचा तर नव्हताच. हॉस्पिटल एक दिवससुद्धा बंद राहिलं नाही. बंद पडली ती मनोरमाची वाडी. चाफा उचलणाऱ्या माणसाने पुड्या परत पाठवल्या. या घरची फुलं देवाला कोण वाहणार, म्हणाला. जिला सगळ्यांनी मावशी म्हणून वापरून घेतलं, तिला आता त्याच लोकांनी आडनावासकट ओळखायला सुरुवात केली.

एस्थरचा धीर मात्र अखेर झाला. तिने आरोग्य अधिकाऱ्यांपुढे जाऊन सगळं सांगितलं, स्वतः बाटल्या दिल्या हेही सांगितलं. त्याच दिवशी तिची नोकरी गेली. मग घरी बसून ती नर्सरीतल्या एकेका बाळाच्या आईला फोन करत राहिली.

सरकारी दवाखान्यात त्या बाळांच्या तपासणीचा दिवस ठरला. “मनोरमाताई, तुम्ही येऊ नका,” ताईंनी बजावलं होतं. “बायका चिडलेल्या आहेत. उगाच काहीतरी होईल.”

“म्हणूनच यायला पाहिजे,” ती म्हणाली, आणि सकाळीच जाऊन गेटाच्या आत, उंबराखालच्या बाकावर मास्क लावून बसली.

रिक्षा येत होत्या. आया, आज्या, बाप, दुपट्यात गुंडाळलेली पोरं. काहींनी तिला ओळखलं आणि लांबून वळसा घातला. एका आजीने बाळाच्या तोंडावर पदर ओढला. दोघी बायकांना दार सापडेना, त्यांना तिने हात करून दाखवलं, “आत गेल्यावर डावीकडे. दूध पाजलं असेल तर आधीच सांगा तिथे.” त्या गेल्या. कोणी बरं म्हटलं नाही. तिने तशी अपेक्षाही केली नव्हती.

एक वाजायला आला तेव्हा कळंबची एक तरणी बाई धावतपळत आली. कडेवर लेक, केस सुटलेले, सोबत कोणीच नाही. ती सरळ बाकासमोर येऊन उभी राहिली.

“तूच ना ती मावशी? तूच ना?”

“हो.”

“माझ्या पोरीला तूच पयलं पानी घातलंस. मी तुझ्या पाया पडले होते तवा. कोनाला काय बोललो होतो गं आम्ही? कोनाचं काय वाईट केलं होतं?” तिचा आवाज चढत गेला, आवारातली माणसं थांबून बघायला लागली. “आता का बसलीस इथं? तोंड दाखवायला बसलीस? बोल ना! गप का?”

लेक रडायला लागली. मनोरमा उठून उभी राहिली. तिचा हात सवयीने पुढे झाला, तिने तो मागे घेतला.

“सगळं बोल मला,” ती म्हणाली. “पण बाय, एकला तिथली केसपेपरची खिडकी बंद होते. आधी पोरीला आत ने. डावीकडे. बोलायचं आहे ते मग बोल, पाहिजे तेवढं बोल. मी इथंच आहे.”

बाईने तोंडावरचे सुटलेले केस मागे सारले. मग लेकीला छातीशी आवळून दाराकडे पळाली.

मनोरमाने बाक उंबराच्या सावलीतून उन्हात ओढला, बाहेर येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तोच दिसेल असा दाराच्या समोर ठेवला, आणि त्यावर बसून राहिली.